किती वाजता निंगले?

अमरावतीच्या आमच्या काकाजींकडे पाहुण्याला पाणी नंतर मिळते, आधी "किती वाजता निंगले?" याचे उत्तर द्यावे लागते. पाहुणा अकोल्याचा असला तर उलटतपासणीच. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. "नऊले निंगलो," असे तो म्हणतो. काकाजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. "अन् आता साडेअकरा! मूर्तिजापूरले चहा घेतला असन?" चहा कबूल झाला की वीस मिनिटे वजा. तरी वेळ शिल्लक राहिलीच, तर ठेवणीतला दाखला निघतो. याच महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले. गिनेसवाल्यांनी नोंद घेतली. "रोडवाल्यायनं येळ लावला नाही, अन् तुमी तयार रोडवर अडीच तास!"

16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले आणि काकाजींचे कार्यक्षेत्र आभाळापर्यंत वाढले. मुंबई हवाई मार्गाने साधारण 540 किलोमीटर. एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास उडते, आणि वेळापत्रकात पावणेदोन तास. "म्हंजे तासाभराचं काम. बाकीचा पाऊण तास कुठीसा गेला?" भाच्याने समजावले, की ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, चढणे, उतरणे, मुंबईवर घिरट्या, सगळे त्यातच. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतले. "थेबी मूर्तिजापूरच झालं."

अकोल्याच्या साळ्यावर तर त्यांची खास मर्जी. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी लहान, तिथून नियमित विमानसेवा नाही. म्हणजे साळेबुवांनी दोन तास खर्चून बेलोऱ्याला यायचे आणि पावणेदोन तासांच्या विमानात बसायचे. "तुमाले इमान मुंबईपरीस लांब हाय!" साळाही अकोल्याचाच. "असू द्या भाऊजी. कलकत्त्याची गाडी आमच्या गावात थांबते. तुमाले बडनेऱ्याले जा लागते." यावर काकाजींनी पंखा वाढवायला सांगितला.

लेक न्यू जर्सीला. विमान आइसलंडच्या बाजूने कशाला वळसा घेते, या शंकेने काकाजी महिनाभर हैराण होते. शेवटी नातवाचा पृथ्वीगोल मांडीवर घेऊन, काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबून न्यूयॉर्कपर्यंत ताणला. दोरा आपोआप वर सरकून आइसलंडजवळ गेला. सपाट नकाशावर जो वळसा दिसतो, तोच गोलावर जवळचा रस्ता. साडेबारा हजार किलोमीटर, सोळाएक तास. त्या दिवशी वैमानिक निर्दोष सुटला. मग जे व्हायचे तेच झाले: लेकीला फोन. "किती वाजता निंगली?" ती तेव्हा तिच्या घरी झोपली होती.

एवढे करून काकाजी स्वतः बेलोऱ्याच्या विमानात अजून बसलेले नाहीत. मुंबईला जायचे तर रात्रीची अंबा एक्सप्रेस. तिला दहा तासांहून अधिक लागतात, पण तो प्रवास त्यांच्या वहीत जेमतेम तीन तासांचा मांडलेला आहे. झोपेचा वेळ प्रवासात धरणे ही त्यांच्या मते शुद्ध लबाडी.