सही राहिली, बिल बुडालं

अमेरिकेत डॉक्टरने मेडिकेअर या सरकारी विम्याचा पेशंट आपला पैशाचा संबंध असलेल्या लॅबकडे धाडला आणि ते अपवादात बसलं नाही, की स्टार्क कायद्याने बिल बाद. १९८९चा हा कायदा हेतू विचारतच नाही. म्हणून क्लेम नाकारला गेला की बिलिंगवाल्या बाई पेशंटची फाइल बाजूला सारतात आणि आधी डॉक्टर आणि लॅब यांच्यातला जागेचा भाडेकरार शोधतात, कारण तोही पैशाचाच संबंध. सापडतो, सही एकाचीच, भाडं बाजारभावाहून गोड. तपासणी गरजेची होती, रिपोर्ट अचूक होता, पण त्याला कोण विचारतो! पेशंटकडून वसुलीलाही बंदी (हे मात्र बरंय). मग अपिलाच्या पाच पायऱ्या. पहिली १२० दिवसांत. एवढी दगदग नको असलेले डॉक्टर लॅब आपल्याच इमारतीत थाटतात. अटी पाळल्या की तेही चालतं.