आखूड दात

जेलरोडकरांचा मेसेज आला तेव्हा मी दात घासत होतो, आणि मेसेजही दातांबद्दलच होता. ‘साहेब, पार्सल पोचलं. वरच्या कडेला डावीकडून सातवा दात आखूड आहे. काय करायचं ते कळवा.’

फोन ओट्यावर होता, त्यामुळे तो आधी बायकोने वाचला. “अहो, तुमचा डॉक्टर बदलला का?” ती म्हणाली. माझी खालची दाढ महिनाभर हलत होती आणि मी तिच्याकडे लक्ष देत नव्हतो, हा घरातला चालू विषय होता. मी फेस थुंकून सांगितलं की हा डॉक्टर नाही, गिऱ्हाईक आहे. त्यावर तिने जो चेहरा केला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. तीस-पस्तीस वर्षं संसार केलेल्यांना तो ठाऊक असतो.

पोस्टाच्या तिकिटाला कडेने जी कातर असते तिचे दात मोजतात. दोन सेंटिमीटरमध्ये छिद्रं किती, यावर तिकिटाची जात ठरते. सारखंच चित्र, सारखाच रंग, पण एकाला चौदा आणि दुसऱ्याला साडेतेरा, की झाली दोन वेगळी तिकिटं आणि दोन वेगळ्या किमती. शहाण्या माणसाला हे वेड वाटतं. मला वाटत नाही, कारण मी मानक नगरमध्ये राहतो.

लखनौ म्हटलं की लोकांना इमामबाडा, चिकनचे कुर्ते आणि कबाब आठवतात. जरा गाण्यातला माणूस असेल तर तो भातखंड्यांचं नाव काढतो. 1926 साली त्यांनी इथे संगीताचं कॉलेज उभं केलं, त्यामुळे लखनौला मराठी माणूस शिस्त लावायलाच येतो असा एक समज आहे. मानक नगर मात्र कुणाला आठवत नाही. आलमबागच्या पुढे, कानपूरच्या लायनीवर, अमौसीच्या अलीकडचं हे छोटं स्टेशन. इथे आरडीएसओ आहे. 1930 चं सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि 1952 चं रेल्वेचं चाचणी-संशोधन केंद्र 1957 मध्ये एकत्र करून जी संस्था झाली ती. रुळापासून डब्यापर्यंत रेल्वेची प्रत्येक वस्तू कशी असावी ते इथे ठरतं. वस्तीचं नावच ‘मानक’, तेव्हा दूधवाल्याच्या मापाकडेसुद्धा इथली माणसं डोळे बारीक करून बघतात.

माझी सगळी नोकरी नाकारण्यात गेली. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी एक वाकवलेली लोखंडी क्लिप असते. गाडीतून खाली बघितलंत तर दिसेल, जिलबीचं अर्धं वेटोळं असावं तशी. इलॅस्टिक रेल क्लिप, आमच्या भाषेत ईआरसी. तिच्या मार्क-तीन जातीने रूळ किती जोराने दाबून धरावा याला आकडा आहे: 850 ते 1100 किलो. 849 भरला तर तो 849 असतो, ‘जवळजवळ 850’ नसतो. एक पुरवठादार माझ्यासमोर बसून कळवळून म्हणाला होता, “साहब, एक किलो से क्या होता है?” मी त्याला चहा पाजला आणि माल परत पाठवला. जाताना तो दारात थांबून म्हणाला, “कभी आप भी कुछ बेचिएगा.” तेव्हा मला तो शाप आहे हे कळलं नाही.

निवृत्तीनंतर मी वडिलांचा तिकिटांचा संग्रह विकायला काढला. वडील भुसावळला रेल्वेत होते. मुलं परदेशात, त्यांना तिकीट म्हणजे फक्त विमानाचं. सुरुवातीला ईबेवर विकायचो. तेव्हा भारतातली ईबे होती, म्हणजे आधीची बाझी, जी 2004 मध्ये ईबेने घेतली. तिथे ‘पैसापे’ नावाची सोय होती. गिऱ्हाइकाचे पैसे मध्येच कुणाकडे तरी ठेवायचे आणि माल पोचल्यावर विकणाऱ्याला द्यायचे. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाही हे आधीच मान्य करून चालणारा असा स्वच्छ व्यवहार मी लग्नातसुद्धा पाहिला नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये ते दुकान मिटलं. आता ज्या साइटवर विकतो तिचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचंय त्यात तिची काही चूक नाही.

गिऱ्हाइकांच्या जाती अनेक. आमच्या लखनौची खास जात म्हणजे अदबीने न देणारा. बोली जिंकतो, आणि मग, “हुज़ूर, आपकी चीज़ तो नायाब है, पैसे आज शाम तक हाज़िर होते हैं.” ती शाम होत नाही. आठवण केली की इतक्या नजाकतीने माफी मागतो की आपणच उसने घेतल्यासारखं वाटतं. दुसरी जात, ‘लास्ट प्राइस?’ लिलाव चालू आहे, घड्याळ पळतंय, आणि हा विचारतो लास्ट प्राइस. अरे बाबा, तेच शोधायला तर बसलोय सगळे!

तिसरी जात विकणाऱ्यांची, पण माझ्या खात्यात तीही येते, कारण ते माझ्याकडे सल्ल्याला येतात. शेजारच्या ब्लॉकमधल्या एका गृहस्थांकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी ऐकलं की याचे दहा लाख येतात. मी सांगितलं, पाचाचे सहा आले तरी पेढे वाटा. त्यांना तो माझा मत्सर वाटला. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केलं होतं की जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत आमच्या नावाने कुणी शुल्क मागितलं तर देऊ नका. ते पत्रक मी त्यांना छापून दिलं. ते म्हणाले, बँक असं म्हणणारच, तिलाच हवं असेल.

पण जेलरोडकर वेगळे. हे मी ठेवलेलं नाव. पार्सल नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला जातं, म्हणून. त्यांच्याशी पहिला सौदा झाला तो रेल्वे शताब्दीच्या तिकिटाचा. 16 एप्रिल 1953 ला, बोरीबंदर-ठाणे गाडीला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, दोन आण्यांचं तिकीट निघालं होतं. त्यावर दोन इंजिनं आहेत, 1853 चं आणि 1953 चं. वडिलांनी भुसावळच्या पोस्टातून चार तिकिटांचा अखंड तुकडा आठ आण्यांना घेतला होता आणि त्याला हात लावल्याबद्दल मी एकदा मार खाल्ला होता. मी बोली एक रुपयापासून लावली. दोन दिवस कुणी ढुंकून बघितलं नाही. शेवटच्या मिनिटाला झुंबड उडाली, आणि अखेरचे तीन सेकंद उरले असताना जेलरोडकरांनी झडप घातली. चारशे दहा रुपये.

मग प्रश्न सुरू झाले. मागच्या बाजूचा फोटो पाठवा. डिंक शाबूत आहे का? कधी हिंज लावलं होतं का? (वहीत चिकटवायची ती कागदाची पट्टी, तिचा नुसता डाग असला तरी किंमत उतरते.) डिंकाला सुरकुत्या आहेत त्या मूळच्या की दमटपणाच्या? फोटो ट्यूबलाइटखाली नको, तिरक्या उजेडात हवा. उजेड डावीकडून हवा. मी गच्चीवर जाऊन संध्याकाळच्या उन्हात पुठ्ठ्यावर तिकीट धरून उभा, बायको फोन घेऊन उभी, खालून चाललेले दोघेजण आम्ही ग्रहण बघतोय असं समजून वर बघत उभे. सोळा मेसेज झाले. सतराव्यात पैसे आले, हे मान्य करायला हवं.

बटरपेपरच्या पाकिटात तिकीट, दोन्ही बाजूंनी मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा, सेलोटेप तिकिटापासून चार बोटं दूर. पोस्टात खिडकीवरच्या मुलाने विचारलं, “इसमें क्या है?”

“टिकट.”

“तो ऊपर लगाए क्यों नहीं?” म्हणत त्याने बारकोडची पट्टी चिकटवली. स्पीड पोस्टाला कुठलं आलंय तिकीट! माझ्या डोळ्यांसमोर त्या इंजिनांची वाफ निघून गेली.

आणि चौथ्या दिवशी सकाळी तो सातवा दात.

मी पेटलो. म्हणजे लिहायला बसलो, आमच्या ऑफिसात पेटण्याची तीच पद्धत होती. मी कळवलं की 1953 साली छिद्रं पाडणाऱ्या यंत्राला सुया होत्या, सुया झिजत, तिकिटं हाताने फाडली जात, सबब एखाद्या दाताची लांबी कमीजास्त होणे हे उत्पादनाच्या स्वाभाविक मर्यादेत मोडते. ‘सबब’ हा शब्द मी नोकरी सुटल्यापासून वापरला नव्हता. बरं वाटलं. शेवटी हेही लिहिलं की एका दाताने काय होतं?

लिहून पाठवलं आणि दारात उभा राहिलेला तो पुरवठादार दिसला. चहाचा कप हातात घेऊन हसत होता.

जेलरोडकरांचं उत्तर दोन ओळींचं. ‘साहेब, आमचे वडील प्रेसमध्ये होते. फाडताना तुटलेला दात आणि सुईने आखूड काढलेला दात वेगळा दिसतो. भिंगाखाली बघितलं, तंतू आहेत.’

प्रेस म्हणजे नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस. देशाची तिकिटं तिथे छापली जातात. हे रेल्वेचं तिकीटसुद्धा तिथलंच. मी ज्याला छिद्रं पाडण्याची कला समजावून सांगत होतो तो माणूस त्या छिद्रांच्या अंगणात वाढला होता. भुसावळच्या पोराने नाशिकरोडच्या पोराला तिकीट शिकवलं!

तरी एक मार्ग होता. परत येणारा माल आपलाच कशावरून? चांगलं ठेवून घ्यायचं आणि आपल्याजवळचं खराब परत पाठवायचं, हा उद्योग करणारी मंडळी या धंद्यात आहेत. त्यावर उपाय एकच. पाठवण्याआधी मोठा, स्वच्छ स्कॅन काढून ठेवणे. दातांची रांग बोटांच्या ठशांसारखी असते, दोन तुकड्यांची जुळत नाही. मी आयुष्यभर नमुने जपून ठेवलेला माणूस, स्कॅन होताच. मोठ्या आशेने उघडला, वाढवला, डावीकडून मोजलं. पाच, सहा, सात.

सातवा दात आखूड होता. माझ्याच स्कॅनमध्ये. माझ्या घरातून निघतानाच आखूड होता, आणि वर्णनात मी लिहिलं होतं, ‘निर्दोष’.

बायको मागे उभी होती. “म्हणजे तपासणी कुणी केली होती?” तिने विचारलं. काही प्रश्न उत्तरासाठी नसतात.

मी माफी मागितली, साठ रुपये परत केले, आणि त्याच रात्री जेलरोडकरांना ब्लॉक केलं. चूक कबूल केल्यावर ज्याच्यापाशी कबूल केली तो माणूस पुन्हा दिसू नये असं वाटतं.

पुढच्या आठवड्यात मी 1952 चा संतकवींचा संच लावला. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. फोटोग्राव्हर पद्धतीने नाशिकला छापलेली ही पहिली तिकिटं. बोली एक रुपयापासून. शेवटच्या मिनिटाला नेहमीची झुंबड झाली नाही. गालिबसकट सहाही जण एकवीस रुपयांत गेले. लखनौत बसून गालिबची ही किंमत करणारा मी पहिलाच नसेन, पण तरी.

मग डोक्यात प्रकाश पडला. या साइटवर तुम्ही तुमचा वरचा आकडा गुपचूप सांगून ठेवता, समजा पाचशे. दुसऱ्याचा आकडा तीनशे असेल तर तुम्हाला वस्तू तीनशेच्या जरा वर मिळते. म्हणजे किंमत जिंकणारा ठरवत नाही, हरणारा ठरवतो. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये याचं गणित मांडलं. 1996 मध्ये त्याला नोबेल जाहीर झालं आणि बिचारा तीन दिवसांनी वारला. पण तिकीटवाल्यांना हे आधीच माहीत होतं. 1893 मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दम्प्टन गावी तिकिटांच्या लिलावात टपालाने आलेल्या बोल्या अशाच चालवल्या होत्या. ज्याची बोली सर्वांत मोठी त्याला तिकीट, पैसे मात्र दुसऱ्या नंबरच्या हिशेबाने.

माझा दुसरा नंबर मीच ब्लॉक करून ठेवला होता. जुने लिलाव काढून बघितले. ज्यांत जेलरोडकर हरले होते त्या सगळ्यांना भाव बरा आला होता. मला हे गिऱ्हाईक हवंच होतं, फक्त त्याने जिंकू नये इतकीच माझी अट. बायकोला हे तत्त्व समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “तुमच्या वधूपरीक्षेत असंच काहीतरी झालं असणार.” मी खोलात गेलो नाही.

रविवारी जेलरोडकरांना अनब्लॉक केलं आणि 1976 चा इंजिनांचा संच लावला, चार तिकिटांचा. त्यात जीआयपीचं 1853 चं इंजिन आहे आणि डिझेलही आहे. या खेपेला आधी भिंग घेऊन बसलो. चारी तिकिटं, चारी कडा. एका तिकिटाचा खालचा कोपरा किंचित बोथट होता. वर्णनात तसं लिहिलं. हात जरा थरथरला, कारण नोकरीत असताना असं लिहून आणणारा एकही पुरवठादार मला भेटला नव्हता.

लिलाव रात्री नऊला संपायचा होता. नऊला दोन मिनिटं असताना कानपूरकडची गाडी धडधडत गेली, खिडकीच्या काचा वाजल्या, आणि मी सवयीने म्हटलं, एखादी क्लिप सैल आहे. आकडा दीडशे, दोनशे, दोनशे ऐंशी. तीन सेकंद उरले असताना तीनशे दहा. जेलरोडकर.

हरायला बोलावलं होतं, पुन्हा जिंकून बसले.

फोन वाजला. ‘साहेब, कोपऱ्याचं आधीच लिहिलंत, बरं केलंत. मागच्या बाजूचा फोटो तेवढा...’

पुढचं मी वाचलं नाही. तिरका उजेड आता उद्या संध्याकाळीच. बायको मात्र फोन चार्जिंगला लावत होती.