शंभर ग्रॅमचा भाव

परदेशात आमच्या दादांना जेवू घालणं हे एक स्वतंत्र खातं आहे. दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. जन्म सदाशिव पेठेतला, नोकरी बँकेतली, निवृत्ती ऑडिट विभागातून. युरोपातल्या प्रत्येक वेटरला ते एकाच चालीत प्रश्न विचारतात. मांस आहे? मासळी? अंडं? आणि ज्या कढईत हे तळलं, तिच्यात आधी काय तळलं होतं? या शेवटच्या प्रश्नावर पॅरिसचा वेटर पाठ फिरवतो, म्युनिकचा आत जाऊन खरंच विचारून येतो. निकाल तोच. दादा बॅगेतून दशम्या काढतात.

स्वित्झर्लंडमध्ये तर चीजही बाद झालं. ग्रुयेरसारख्या चीजसाठी दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे दादांनी विमानात वाचलं होतं. म्हणजे ज्या देशात लोक चीज वितळवून त्यात पाव बुडवतात आणि त्याला जेवण म्हणतात, तिथे आमचा मुक्काम लोणच्यावर. मी अलिबागचा. माझा झ्युरिकचा बेत साधा होता: सरोवराकाठी उभं राहून गरम सॉसेज खायचं. पण दादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि माझी बायको या दोघींचं मत पडलं, की दादांसमोर ते बरं दिसत नाही. बरं न दिसण्याचा भार आमच्या घरात नेहमी मांसाहाऱ्यांवर असतो.

बानहोफश्ट्रासवर घड्याळांच्या काचा बघत चाललो होतो. किमतीपुढे दोन शून्यं लावली की साधारण रुपये होत, ही स्विस फ्रँकची सोय दादांना फार आवडलेली. दर काचेपाशी थांबून ते शून्यं लावत आणि समाधानाने पुढे सरकत. असेच बाजूच्या जीलश्ट्रासवर वळलो आणि वहिनी ओरडल्या, "अहो, हे बघा! शाकाहारी! 1898!"

हिल्ट्ल. जगातलं सर्वांत जुनं, अखंड चालू असलेलं शाकाहारी उपाहारगृह म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद आहे. दादा दारातच थबकले. चितळ्यांच्या दुकानाच्या आधी कुणीतरी काहीतरी चांगलं सुरू केलं होतं, हे पचायला वेळ लागतो.

त्याची कथा मात्र दादांना लगेच पटली, कारण तिच्यात पथ्य आहे. अम्ब्रोसिउस हिल्ट्ल हा बव्हेरियातून आलेला शिंपी. संधिवाताने बोटं आखडली, सुई धरवेना. डॉक्टरांनी मांस सोडायला सांगितलं. तेव्हाच्या झ्युरिकमध्ये मांस सोडलेल्या माणसाने जेवायचं कुठे, तर या एकाच जागी. तो तिथे जेवला, बरा झाला, पुढे ती खानावळच चालवायला घेतली आणि तिथल्या स्वयंपाकिणीशी लग्नही केलं. पथ्याचा इतका सर्वांगीण लाभ आयुर्वेदातही ऐकिवात नाही. गावकरी गिऱ्हाइकांना 'गवतखाऊ' म्हणून चिडवत. आज घराण्याची चौथी पिढी गल्ला सांभाळते आणि चिडवणाऱ्यांची पणतवंडं रांगेत उभी असतात.

आत गेलो तर शंभरावर पदार्थांचा बुफे, आणि भाव वजनावर. ताट काट्यावर ठेवायचं, शंभर ग्रॅमला अमुक इतके फ्रँक. दादांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच परदेशवारीचं तेज पाहिलं. हात पाठीमागे बांधून त्यांनी बुफेभोवती एक पूर्ण फेरी मारली. ऑडिट सुरू झालं होतं.

"वहिनीला सांगा, भात नको. बटाटाही नको. जड जिन्नस. आणि ही डाळ? निम्मं पाणी! या गावात बाराशे कारंज्यांतून पिण्याचं पाणी फुकट वाहतंय, भाऊजी. वरणातलं पाणी मी तोलून विकत घेऊ?"

"मग घ्यायचं काय?"

"पापड," दादा म्हणाले. "क्षेत्रफळ भरपूर, वजन शून्य."

भारतीय पदार्थांचा तिथे एक अख्खा कोपरा आहे. हिल्ट्लांच्या सूनबाई मार्ग्रिट पन्नासच्या दशकात शाकाहार परिषदेसाठी दिल्लीला आल्या आणि हळद-जिऱ्याच्या प्रेमात पडून परतल्या. "दिल्लीवरूनच परतल्या, तिथेच चुकलं," दादांनी आमटीचा एक चमचा चाखून सांगितलं. "पुण्यापर्यंत आल्या असत्या तर यात गूळ पडला असता."

मी बुफेच्या नादी न लागता कार्डावरचं टार्टार मागवलं. मूळचं टार्टार म्हणजे बारीक चिरलेलं कच्चं गोमांस. हिल्ट्लचं भेंडी आणि वांग्याचं असतं, पण दिसायला सहीसही तेच: लालसर, चकचकीत, सोबत टोस्ट. दादा पापड हातात धरून गोठले.

"भाऊजी, हे काय?"

"भेंडी."

"भेंडी अशी दिसते?"

वाढणाऱ्या मुलीनेही ग्वाही दिली. दादांनी तिला कढईचा प्रश्न विचारला. या घरात सव्वाशे वर्षांत कुठल्याच कढईत मांस पडलेलं नाही, असं ती म्हणाली. दादांकडे पुढचा प्रश्नच नव्हता, पहिल्यांदाच. टार्टार चटकदार होतं, खोटं का सांगू? पण घरच्या डब्यातली भेंडी जन्मभर चुकवत आलेला मी भरभक्कम फ्रँक मोजून भेंडीच खात होतो, आणि तीही मांसाच्या वेषात. या मंडळींनी 2013 साली शेजारी चक्क शाकाहारी खाटकाचं दुकान काढलं, हे कळल्यावर मी हातातला टोस्ट खाली ठेवला.

दादा दुसऱ्यांदा ताट भरून आले. माझ्याकडे बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "भाऊजी, तुमची इथे आबाळ होते हो. तुमच्यासाठी काहीच नाही." हे वाक्य त्यांनी स्वतःबद्दल रोमपासून ऐकलं होतं. ते इतक्या मायेने परत करायला मिळावं, यासाठीच ते युरोपला आले असावेत.

बिलाच्या वेळी त्यांनी बुफेच्या सगळ्या ताटांची वजनं मांडली. त्यांचं सर्वांत हलकं, वहिनींचं सर्वांत जड. चोरून घेतलेला बटाटा काट्यावर उघडा पडला. निघताना त्या मुलीने सांगितलं, आज शुक्रवार, रात्री इथेच डिस्को असतो, जरूर या. दादांनी चष्मा पुसला, स्वतःच्या सडपातळ देहाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं,

"प्रवेश फी वजनावर आहे का?"