पक्ष निरीक्षण

पाषाण तलावाकडे वळणाऱ्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला होता : ‘भव्य युवा पक्ष निरीक्षण फेरी’. मध्यभागी एक मोठा हसरा चेहरा, भोवती सव्वीस छोटे हसरे चेहरे आणि डाव्या कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढा, एक खंड्या. तो मात्र हसत नव्हता.

फ्लेक्सच्या दोऱ्या आवळणाऱ्या कार्यकर्त्याला म्हटलं, ‘‘अहो, ‘पक्षी’ हवं. वेलांटी राहिली.’’

‘‘काका, निवडणूक तोंडावर आलीय. वेलांटीकडे कोण बघतंय?’’ तो म्हणाला, ‘‘आणि चुकलंय काय त्यात?’’

त्यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

फेरीला वयाची अट अठरा ते तीस. मी चौपन्नचा. पण भाचीची दुर्बीण, ट्रायपॉड आणि पोह्यांचा डबा उचलायला कुणीतरी लागणारच होतं, म्हणून ‘ज्येष्ठ निरीक्षक’ या पदावर माझी वर्णी लागली. निमित्त पक्षी सप्ताहाचं. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने २०२० साली पक्ष्यांच्या नावे करून दिला. उरलेले एकावन्न आठवडे कुणाच्या नावे आहेत, ते चौकाचौकातले फ्लेक्स सांगतातच.

वेळ साडेसहाची होती. पक्षी वेळेवर हजर होते. मुलं पावणेसातला जमली. भाऊ, म्हणजे मधला मोठा चेहरा, सव्वाआठला आले. तोवर कुणी दुर्बीण डोळ्याला लावायची नाही असा निरोप होता, कारण उद्घाटन व्हायचं होतं. दरम्यान टी-शर्ट वाटले गेले. पक्षी बघायला जाताना मातकट, शेवाळी कपडे घालावेत, म्हणजे पाखरं बुजत नाहीत, असं भाचीने मला आदल्या रात्री तीनदा बजावलं होतं. वाटलेले टी-शर्ट झगझगीत लिंबू रंगाचे होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर भाऊ होते. साठ मुलं तळ्याकाठी ओळीने उभी राहिली, तेव्हा रस्त्यावरून पाहणाऱ्याला साठ भाऊ दिसत होते.

उद्घाटन फटाक्यांच्या माळेने झालं. पहिला बार वाजला आणि तळ्यावरचं पाखरू अन् पाखरू एकदम आभाळात गेलं. भाऊ माइकवर म्हणाले, ‘‘बघा, किती पक्षी आहेत आपल्या प्रभागात!’’ टाळ्या पडल्या. मुलांनी फोन वर केले. भाचीने हातातली वही मिटली.

मग भाषण. भाऊंनी सांगितलं की सालिम अलींनी लहानपणी एका जखमी चिमणीचे प्राण वाचवले. खरं तर ती चिमणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने स्वतःच पाडली होती. पण गळ्यावर पिवळा डाग दिसला, हे काही नेहमीचं पाखरू नव्हे असं वाटलं, म्हणून ते तिला घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेले आणि त्या एका प्रश्नात जन्म गुंतला. पाडलेल्याचं नाव विचारायला जाण्याची रीत तेव्हा होती, एवढाच मुद्दा. भाचीला हे सगळं बोलून दाखवायचं होतं. मी तिच्या तोंडासमोर पोह्यांचा डबा धरला.

नऊला फेरी निघाली. हळूहळू काही पाखरं परतली. वारकरी आले, काळेभोर आणि कपाळावर पांढरा टिळा. हळदी-कुंकू बदकांची जोडी आली; चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. मुलांना यांची इंग्रजी नावं तोंडपाठ होती. मराठी नावं ऐकून ती थबकली, मग हसली आणि पुन्हा पुन्हा म्हणू लागली. टिबुकली कुठाय म्हणून कुणी बोट दाखवलं की ती बुडी मारायची आणि भलत्याच ठिकाणी वर यायची. शेजारचा कार्यकर्ता म्हणाला, ‘‘आमच्या इंजिनियर साहेबांसारखी आहे.’’

‘‘यातले पाहुणे कोणते?’’ त्याने पुढे विचारलं. भाचीने सांगितलं, की थंडीत बरीच बदकं उत्तरेकडून येतात, इथं खाऊनपिऊन राहतात आणि मार्चच्या सुमारास परत जातात.

त्याचा चेहरा गंभीर झाला. ‘‘परत घेतात त्यांना तिकडे?’’

‘‘घेतात की.’’

‘‘जुन्या जागेवर?’’

बऱ्याचदा अगदी त्याच जागेवर जातात, असं भाची म्हणाली. त्याने फोन काढला आणि बाजूला जाऊन कुणाशी तरी बराच वेळ हळू आवाजात बोलला.

तळ्याच्या वरच्या अंगाला जलपर्णीचा गालिचा पसरला होता. ‘‘ही आपली हिरवाई,’’ भाऊंनी हात फिरवला. ही हिरवाई मूळची दक्षिण अमेरिकेची. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद मिळालं की दिवसात तर वाढतेच, रात्रीतही थांबत नाही. जांभळी पाणकोंबडी मात्र लांबलचक बोटं पसरून त्या गालिच्यावरून ऐटीत चालली होती. काठच्या उथळ, काळ्या पाण्यात शेकाटे उभे होते, गुलाबी काड्यांवर ठेवल्यासारखे.

‘‘एवढे पक्षी आले, म्हणजे पाणी स्वच्छ झालं!’’ भाऊ म्हणाले.

एक चष्मेवाला पोरगा पुटपुटला, ‘‘शेकाट्याला सांडपाणीही चालतं, भाऊ.’’

‘‘जुळवून घेतो म्हणजे! कामाचा माणूस,’’ भाऊ म्हणाले आणि पुढे चालू लागले.

इतक्यात भाचीने माझी बाही ओढली. जलपर्णीच्या कडेला एक फाटका फ्लेक्स तरंगत होता, मागच्या वर्षीच्या सणाचा. शुभेच्छा विरघळल्या होत्या, पण चेहरा शाबूत होता. तोच. पाणी हललं की हसू थोडं रुंदावत होतं. आणि बरोब्बर नाकावर, मान खांद्यात घालून, एक वंचक उभा होता. चिखलाच्या रंगाचा, दगडासारखा निश्चल. याला वंचक का म्हणतात, ते तो उडाल्यावर कळतं. बसलेला असतो तेव्हा मातकट, कुणाच्या खिजगणतीत नसतो. उडाला की पंख एकदम पांढरेशुभ्र, इस्त्री केल्यासारखे. त्याने कपाळाच्या बाजूला नजर रोखली, मान सटकन लांबवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बोटभर मासा उचलला. साठ लिंबू रंगाचे टी-शर्ट प्रथमच गप्प झाले.

भाचीने वही उघडली. पक्षी मोजण्याचे नियम कडक असतात. स्वतः पाहिलेलाच लिहायचा, एकच दोनदा धरायचा नाही, पिंजऱ्यातला धरायचा नाही. छापील धरायचा की नाही, याबद्दल नियमांत काही नाही. तिने थोडा विचार केला आणि लिहिलं : वंचक – २.

जाताना भाऊंनी यादी मागून घेतली. बोट फिरवत खाली आले आणि त्या ओळीवर थांबले.

‘‘फक्त दोनच?’’ ते म्हणाले. ‘‘काळजी करू नका, निवडणूक होऊ द्या. पुढच्या वर्षी दहा करू.’’