गुन्हेगार नेहमी पाणीच

अलाबामातल्या गंटर्सव्हिल तलावावर वसंतात बास मासा गळाला लागेनासा झाला, की धक्क्यावर लगेच चौकशी समिती बसते. थंडीची लाट येऊन गेली आणि आभाळ निळंशार झालं, म्हणून मासा रुसला. पाणी गढूळ, म्हणून त्याला आमिष दिसत नाही. पाणी नितळ, म्हणून त्याला आपण दिसतो. टेनेसी नदीवरच्या धरणवाल्यांनी पाणी सोडलं तर ओढ फार, नाही सोडलं तर ओढच नाही. पाणी साधारण १५ ते २० अंश सेल्सियसवर आलं की बास उथळात घरटी करतो, हे सगळ्यांना पाठ असतं. माशांनी तेवढं पाठ केलेलं नसतं. गळ टाकणाऱ्यावर मात्र संशयसुद्धा नाही. कसा असेल? त्याच्या होडीवर समोरच्या पाण्यातलं सगळं थेट पडद्यावर दाखवणारं सोनार यंत्र आहे. न चावणारा मासा आता स्पष्ट दिसतो, एवढी प्रगती नक्की झाली.

१९३२ मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने घरी ठोकलेल्या होडीतून २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून जड बास धरला. तो विक्रम अजून मोडलेला नाही; २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावावर मानाबू कुरिता यांनी बरोबरी तेवढी केली. पेरीने मासा तोलून घेतला आणि घरच्यांनी तो खाल्ला.

धक्क्यावर ही गोष्ट सहसा कुणी काढत नाही. सोनारचे हप्ते अजून फिटायचे आहेत.