पत्रादेवीचे पेट्रोल आणि कार्नोचा कर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातून दक्षिणेकडे जाणाऱ्या महामार्गावर पत्रादेवी येथे पेडणे तालुक्याची, आणि म्हणून गोवा राज्याचीही, हद्द लागते. ती ओलांडताच महाराष्ट्रातून आलेल्या मोटारचालकाच्या मुद्रेवर जी प्रसन्नता उमटते, तिचे मूळ माडा-पोफळींत शोधणारा अभ्यासक फसतो, कारण ते मूळ पेट्रोल पंपाच्या दरफलकावर असते. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. पुढे हा कर टप्प्याटप्प्याने पुन्हा चढला, तरी हद्दीपलीकडच्या माणसाची श्रद्धा उतरली नाही. तो टाकी तोंडापर्यंत भरून घेतो, आणि पायलीने भात मोजताना माप हलवून आणखी दोन मुठी बसवाव्यात तशी गाडी दोन्ही बाजूंनी हलवून आणखी पाव लिटर बसवतो.

या आनंदात एक दुसरा कर मात्र हिशेबाबाहेर राहतो. तो कोणत्याही विधानसभेने बसवलेला नसल्यामुळे कोणत्याही विधानसभेला उठवता येत नाही. त्याचा दर सुमारे ७० टक्के आहे. आणि त्याची वसुली पंपावर होत नसून, गाडीच्या पुढच्या झाकणाखाली, गिऱ्हाईक गाणी ऐकत असताना होते. ही वसुली समजण्यासाठी इंजिनात शिरणे भाग आहे.

पेडण्यात काजूच्या हंगामात लागणारी फेणीची भट्टी ज्याने पाहिली आहे, त्याला अर्धे इंजिन आधीच कळलेले असते. भट्टीत जाळ खाली असतो, भांडे वर असते आणि जाळाची उष्णता भांड्याच्या बुडातून आत जाते. वाफेच्या इंजिनाचीही हीच रीत. मोटारीच्या इंजिनाने एवढाच आगाऊपणा केला, की चुलीला रजा देऊन जाळ थेट भांड्यातच पेटवला, आणि म्हणून पाठ्यपुस्तकांनी त्याला ‘अंतर्ज्वलन इंजिन’ असे भारदस्त नाव दिले. भांडे म्हणजे सिलिंडर. त्यात घट्ट बसून वर-खाली सरकणारे बूड म्हणजे पिस्टन, जुन्या मराठीत दट्ट्या. आणि त्याच्या या वर-खाली होण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा वाकडा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. शिवणयंत्राच्या पायट्यावर आयुष्य काढलेल्या शिंप्याला हा शेवटचा भाग समजावून सांगावा लागत नाही.

दट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रवासाला ‘धाव’ म्हणतात, आणि निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने १८७६ मध्ये चालवून दाखवलेल्या पद्धतीत अशा चार धावा असतात. पहिलीत दट्ट्या खाली जाऊन हवा आणि पेट्रोल आत ओढतो, दुसरीत वर येऊन त्या मिश्रणाला सुमारे एक दशांश जागेत कोंबतो, तिसरीत स्पार्क प्लगची ठिणगी पडून भडका उडतो व दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि चौथीत जळका धूर बाहेर घालवला जातो. चारांपैकी काम एकच धाव करते. उरलेल्या तीन तयारीच्या नाहीतर आवराआवरीच्या, आणि त्या काळात यंत्र थांबू नये म्हणून फ्लायव्हील नावाचे एक जडशीळ चाक केवळ स्वतःच्या वजनाच्या जोरावर सगळ्यांना ओढत राहते. एखाद्या काटकसरी अधिकाऱ्याला या तीन धावा अनावश्यक पदे वाटतील. पण पेडण्यात रात्र-रात्र दशावतार पाहिलेल्या प्रेक्षकाला तसे वाटणार नाही, कारण गणपती, ऋद्धी-सिद्धी, भटजी, संकासुर हे सारे आडदशावतार उरकल्याशिवाय आख्यान उभे राहत नाही हे त्याला ठाऊक असते. फरक वेगाचा आहे. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात हे संपूर्ण नाटक सेकंदाला १०० वेळा होते, आणि संकासुरालाही विनोद करायला सवड मिळत नाही.

गाडी पेट्रोलवर चालते ही समजूतही तशी अर्धवटच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, म्हणजे एका लिटरमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा. खऱ्या अर्थाने इंजिन हवा खाते आणि पेट्रोल तोंडी लावते. हवेवर कर नसल्यामुळे पत्रादेवीच्या गिऱ्हाइकाने तिची कधी चौकशी केली नाही. डिचोली तालुक्यात मात्र चौकशी करावी लागते, कारण खनिजाच्या रस्त्यांवर हवेबरोबर लाल धूळही येते, आणि एअर फिल्टर हा शहरात विस्मरणात गेलेला भाग तिथे कावेने सारवल्यासारखा होऊन मालकाला स्वतःची आठवण करून देतो.

आता मूळ कराकडे. पेट्रोलच्या १०० रुपयांपैकी ढोबळ मानाने पंचवीस-तीस रुपयांचीच गती होते. उरलेली रक्कम काही रेडिएटरमधून, काही सायलेन्सरमधून उष्णतेच्या रूपाने वाऱ्यावर जाते. यात गॅरेजवाल्याचा दोष नाही. भडक्याच्या क्षणी आतले तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तेव्हा सभोवती पाणी खेळवून उष्णता बाहेर काढली नाही तर गाडीऐवजी ओतीव भांडे हाती येईल. पण खरे कारण त्याहून खोल आहे, आणि ते सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच, म्हणजे मोटार जन्मण्यापूर्वी, सांगून ठेवले होते. उष्णतेपासून काम मिळते ते ती उष्णाकडून थंडाकडे पडते म्हणून, असे त्याचे म्हणणे. आणि त्याने दिलेली धबधब्याची उपमा डिचोलीकरांना हरवळ्याला जाऊन पडताळता येते. धबधब्याखाली चाक लावले तर ते फिरेल, परंतु पाणी पुढे वाहून गेले तरच. चाक फिरवून झाल्यावर पाण्याने तिथेच नाहीसे व्हावे अशी अपेक्षा धरता येत नाही. उष्णतेचा सगळाच पैसा वसूल करायचा तर खालचे टोक शून्याखाली २७३ अंशांवर असावे लागेल, आणि पेडण्यात ते मे महिन्यात पस्तीसच्या आसपास असते. करमाफीचा अर्ज इथेच फेटाळला जातो.

रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये यशस्वी केलेल्या इंजिनाने या करात थोडी सूट मिळवली. त्यात ठिणगी नसते. हवाच इतकी, म्हणजे मूळच्या अठराव्या-विसाव्या हिश्श्यापर्यंत, दाबली जाते, की ती आपोआप तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपसूक पेटते. पेट्रोल हे कुणीतरी काडी लावल्याशिवाय न भडकणारे, तर डिझेल हे नुसत्या दडपणाने भडकणारे. डिचोलीच्या खाणींवरून मांडवीकाठच्या जेटींकडे धावणारे टिपर या दुसऱ्या प्रकृतीचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा हे टिपर घराघरांपुढे उभे राहिले, आणि इंजिनाला धावण्यापेक्षा उभे राहणे अधिक बाधते हे मालकांना कळले: तेल तळाशी उतरते, बॅटरी मरते, सील वाळतात. बँकेचा हप्ता तेवढा चारही धावांत काम करत राहिला.

इथे एक गोष्ट ओघात नोंदवावीशी वाटते. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि इथेनॉल म्हणजे फेणीत असते तेच मद्यार्क; तेव्हा चालकाने दारू पिऊन गाडी चालवणे हा गुन्हा, पण गाडीने दारू पिऊन चालकाला नेणे हे राष्ट्रीय धोरण ठरते. मद्यार्कात उष्णता पेट्रोलपेक्षा लिटरमागे तिसऱ्या हिश्श्याने कमी असते, त्यामुळे प्यालेली गाडी थोडी कमीच चालते, यातही नवल नाही.

डिसेंबरच्या अखेरीस मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरच्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची माळ लागते, तेव्हा कार्नोचा कर शंभर टक्क्यांवर पोचतो, कारण इंजिन चालू आणि चाके थांबलेली असली की प्रत्येक थेंब नुसता हवा तापवण्यासाठी जळतो. त्या माळेतून सुटलेला पाहुणा परतीच्या वाटेवर स्वस्त पेट्रोलसाठी पत्रादेवीला पुन्हा रांगेत उभा राहतो, आणि आत गारवा हवा म्हणून अर्धा तास इंजिन चालूच ठेवतो. शेवटी त्याचा नंबर लागतो, आणि पंपावरचा मुलगा हातात नळी घेऊन, फलकाकडे बोट दाखवत इंजिन बंद करायला सांगतो. पाहुणा कुरकुरत चावी फिरवतो. पुढची दोन मिनिटे आकडे भराभर चढतात, टाकी भरते, गाडी हलवली जाते, आणि त्या साऱ्या प्रवासात पहिल्यांदाच कार्नोला एक पैसाही मिळत नाही.