कुत्र्यांचे कागद

मुलाकडे परदेशी निघालेला माणूस गावाला ठाऊक असतो. तो मेतकूट दळून घेतो, दातांची कामं उरकतो आणि एक दिवस दिसेनासा होतो. पण मुलाकडे आपली कुत्री घेऊन निघालेला माणूस काही केल्या दिसेनासा होत नाही. तो रोज दिसतो आणि थांबवतो. तुमच्याही आळीत असा एखादा असेल. आमच्या रेवदंड्यात अण्णा आहेत.

अण्णांचा मुलगा मेलबर्नला असतो. कुत्री दोन. ब्रुनो हा पुण्याहून पैसे मोजून आणलेला लॅब्रॅडोर, आणि चिंगी ही सुरूच्या बनातून आपण होऊन आलेली गावठी. दोघांची मिळून एक फाईल आहे : निळी, बटणाची, आत प्लास्टिकचे कप्पे. अण्णा बाजारात निघाले की पिशवी उजव्या हातात आणि फाईल डाव्या काखेत. पिशवी एखादे दिवशी घरी राहते, फाईल राहत नाही. एकदा बोंबील घेता घेता त्यांनी ती कोळणीच्या पाटीवरच उघडली. ती म्हणाली, "अण्णा, वास लागंल हां कागदांना, मंग तो विमानवाला घेल काय?" अण्णांनी फाईल छातीशी धरली आणि बोंबील तिथेच विसरून घरी आले.

मला त्यांनी गाठलं ते तेराव्याच्या पंगतीत. भात वाढत होते तेव्हा ते चिपवर होते आणि लाडू आले तेव्हा रक्तावर. "बाबा रे, आधी चिप. तांदळाएवढी. मानेच्या कातडीखाली. पंधरा आकडी नंबर असतो." तो नंबर त्यांनी दोन्ही कुत्र्यांचा म्हणून दाखवला, न अडखळता. शेजारच्या पानावरच्या गुरुजींना वाटलं, हे संकल्प सोडतायत. त्यांनी घास हातातच धरला. "चिपनंतर रेबीजची लस. उलटं चालत नाही. मग रक्त. त्यात मिलिलिटरला निदान ०.५ युनिट अँटिबॉडी पाहिजेत. मग १८० दिवस नुसतं थांबायचं." आणि एवढं थांबूनही भारतातून कुत्रं थेट ऑस्ट्रेलियात उतरत नाही. आधी सिंगापूर, दुबई अशा त्यांना मान्य असलेल्या ठिकाणी मुक्काम करायचा, तिथले सरकारी डॉक्टर चिप आणि कागद ताडून बघणार, आणि मग मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात किमान दहा दिवस क्वारंटाइन. ज्यांचं तेरावं होतं त्यांचा विषय त्या पंगतीत निघालाच नाही.

ऑस्ट्रेलियाला दोष देता येत नाही. तिथे कुत्र्यांचा रेबीज नाही, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आपल्याकडे होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दारावर कडी लावायचा त्यांना हक्क आहे. पण अण्णांना त्या कडीचंच कौतुक. २०१५ साली जॉनी डेप या हॉलिवूडच्या नटाची पिस्टल आणि बू ही दोन कुत्री खासगी विमानातून, काही न सांगता, ऑस्ट्रेलियात शिरली. तिथले कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी जाहीर दम भरला, की कुत्री परत न्या, नाहीतर मारून टाकू. कुत्री परत गेली, आणि पुढे डेपला आणि त्याच्या बायकोला कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागावी लागली. ही गोष्ट अण्णा ज्या समाधानाने सांगतात, त्या समाधानाने त्यांनी कधी मुलाचा दहावीचा निकालही सांगितला नव्हता. शेवटी थोडं थांबतात आणि निकाल देतात : "फाईल नव्हती!"

हा निकाल पुढे कशालाही लागू लागला. कुणाची सातबाऱ्याची केस हरली : फाईल नव्हती. कुणाचं जमलेलं लग्न मोडलं : फाईल नव्हती. पोर्तुगीजांना एवढा तटबंदीचा कोट सोडून का जावं लागलं, असं एका पर्यटकाने विचारलं, तर मराठ्यांचा उल्लेखही न करता अण्णा तेच म्हणाले. सगळ्यांत कडेलोट निकितिनच्या बाबतीत. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात होर्मुझहून निघून आमच्या चौलच्या बंदरात उतरला. गावात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. येताना त्याने जहाजातून एक घोडा आणला होता. चौलपर्यंत ठीक आला, पण जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि परत हवा असेल तर धर्म बदल म्हणाला. मोठ्या मिनतवारीने त्याला घोडा मिळाला. शाळेच्या एका कार्यक्रमात पाहुणे भारत-रशिया मैत्रीवर बोलत होते आणि अण्णा माझ्या कानाला लागले : "जनावर समुद्रातून आणायचं आणि जवळ एक कागद नाही? अडकणारच!"

मग पेट्या आल्या. विमान कंपन्यांच्या नियमाप्रमाणे कुत्र्याला पेटीत उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. उभं राहणं आणि आडवं होणं अण्णांनी ब्रुनोवर तपासलं. वळण्याची खात्री त्यांना स्वतःच करून घ्यायची होती. काकूंनी त्यांना पाय धरून बाहेर ओढलं. ब्रुनो आता त्या पेटीत घोरतो. चिंगी मात्र स्वतःच्या पेटीकडे ढुंकून बघत नाही. चुचकारून झालं, सोडे दाखवून झाले, काही नाही. काकू त्या पेटीत सोललेले नारळ ठेवतात. मांडव्याहून बोटीने मुंबईला डॉक्टरकडे नेलं तेव्हाही चिंगीने भाऊच्या धक्क्यापर्यंत तोंड वळवून रायगडच्या किनाऱ्याकडेच बघितलं, असं अण्णा सांगतात. सांगताना त्यांचा आवाज जरा बदलतो. मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. फाईल उघडायच्या आत सटकायच्या घाईत होतो.

परवा त्यांना ताप होता. मला हाक मारून म्हणाले, "सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आण रे, आणि ओरिजिनल मोजून घे." दुकानात कप्पे रिकामे करताना शेवटच्या कप्प्यातून, जो त्यांनी मला कधीच दाखवला नव्हता, एक पासपोर्ट निघाला. ब्रुनोचा नाही, अण्णांचा. मुदत संपलेला. आणि संपलेली तारीख चिंगीच्या चिपच्या तारखेच्या आधीची. म्हणजे कुत्र्यांच्या प्रवासाची तयारी सुरू झाली, तेव्हा अण्णांना स्वतःला देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं आणि त्याची खंतही दिसत नव्हती. साऱ्या गावाची फाईल तपासणाऱ्या माणसाची स्वतःची फाईल नव्हती.

काकूंना विचारलं, तर त्या नारळ सोलता सोलता म्हणाल्या, "दर रविवारी फोन येतो. कधी येताय, म्हणून. हे सांगतात, ब्रुनोचा रिपोर्ट यायचाय. पोराला सरळ नाही म्हणायचं धारिष्ट नाही रे त्यांच्यात."

पोराचंही काही चुकलेलं नाही. तो बिचारा बोलावतो. बोलावण्याचा कायमचा रस्ता कसा आहे, ते तिथलं सरकारच सांगतं : साध्या पालक व्हिसाच्या रांगेत आज उभं राहिलं तर तीस वर्षांच्या आसपास, आणि भरपूर पैसे भरायच्या रांगेतसुद्धा दहाहून जास्त. कुत्र्याचं काम त्यामानाने वर्षभरात होतं. सत्तरीच्या माणसाने हा हिशोब मनात केला असेल तर त्याला कोण हसणार? मी बरेच दिवस हसत होतो खरा.

समुद्रापार जाणारी माणसं या गावाने पुष्कळ पाहिली. शनिवार तेली म्हणवले जाणारे बेने इस्राएल तेलाचे घाणे आणि नारळीच्या वाड्या सोडून इस्राएलला गेले. त्यांचं बेथ एल सिनेगॉग इथेच आहे. पुढे वाडवळांची, माळ्यांची, बामणांची पोरं मुंबईला, आखातात, अमेरिकेत गेली. आळीत आता कुलपं जास्त आणि माणसं कमी. राहिलेल्यांपैकी कुणी "मला जायचं नाही" असं उघड म्हटलं, तर मुलांचा अपमान होतो. म्हणून कुणी गुडघे पुढे करतं, कुणी वाडीतली सुपारी. अण्णांनी अख्खं ऑस्ट्रेलियाचं कृषिखातं पुढे केलं आहे. आळीतल्या बाकीच्या सबबींपेक्षा ही फार वरच्या दर्जाची. तिच्यावर शिक्के आहेत.

झेरॉक्स आणून दिल्या तेव्हा अण्णांनी ओरिजिनल मोजले. शेवटचा कप्पा चाचपला, माझ्याकडे बघितलं. मी चिंगीच्या रक्ताची चौकशी केली. ते उठून बसले. रिपोर्टला मुदत असते, ती संपली की पुन्हा रक्त, पुन्हा कुरियर, पुन्हा थांबणं, हे त्यांनी तापातसुद्धा खुलवून सांगितलं, आणि मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

तुमच्यापैकी कुणी मेलबर्नला जाणार असेल आणि अण्णांचा मुलगा भेटला, तर त्याला एवढंच सांगा की कुत्र्यांचे कागद अजून व्हायचेत. पासपोर्टचं बोलू नका.